व्हर्लिनची काडतुसं

व्हर्लिनला पुरून आल्यावरही अर्लिसला रडू आलं नाही. लोकांनी आणून दिलेली खाण्याची भांडी तिने घासून ज्याची त्याला पोचवली, नवऱ्याचे बूट चर्चला देऊन टाकले. गावातल्या बायका म्हणाल्या, धीराची आहे. धीर कसला! आत काही हलतच नव्हतं.

व्हर्लिन काडतुसं घरीच भरायचा, बंदुकीची दारू काट्यावर तोलून. शेवटच्या आजारपणातही गॅरेजमध्ये बसून त्याने लेकीसाठी, कारीसाठी, हरणाच्या शिकारीची काडतुसं भरून ठेवली होती. हंगाम तोंडावर आला तसा त्याचा भाऊ लोवेल ती न्यायला आला.

"थांब, आधी काटा तपासते," अर्लिस म्हणाली. धान्याच्या कोठारावर ट्रक तोलण्यात तिची हयात गेली होती. रोज सकाळी काटा तपासल्याशिवाय तिथे पहिला ट्रक चढत नसे.

"आता काय तपासतेस, अर्लिस? त्याच्याएवढा काटेकोर माणूस अख्ख्या मोंटानात नव्हता."

तिने दारू तोलायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा लावला, जरा वेळ तसाच ठेवला आणि त्यावर पितळेचं वजन ठेवलं. दारू ग्रेनमध्ये मोजतात; पन्नास ग्रेनचं वजन, आकडा बरोबर पन्नास.

"झालं समाधान?"

गॅरेजमध्ये गारठा होता. तिने सवयीने पायानेच टेबलाखालचा पंख्याचा हीटर चालू केला. आकडा घसरू लागला. हीटर बंद केला, आकडा परत पन्नासवर. पुन्हा चालू केला, पुन्हा घसरला. गरम वारा खालून ताटलीला उचलत होता. व्हर्लिन कुडकुडायचा म्हणून तो हीटर तिनेच आणून तिथे ठेवला होता.

लोवेलने टोपी काढली. "जरासं कमी दाखवतोय. त्याने काय होतंय?"

"काटा कमी दाखवतो म्हणजे दारू जास्त पडते, लोवेल. आणि तुझा भाऊ आधीच अगदी मर्यादेपर्यंत भरायचा. त्याहून जास्त झाली तर बंदूकच फुटते, आणि ती कारीच्या गालाला टेकलेली असणार."

"त्याच्या हातची शेवटची आहेत गं. एक तरी राहू दे."

"रिकाम्या पुंगळ्या राहतील."

ती हातोडीसारखं अवजार घेऊन बसली. काडतूस त्यात अडकवून ठोकायचं, गोळी निघाली की दारू ताटलीत ओतून तोलायची. काही ठीक निघाली, बरीच जड निघाली, दोन-तीन तर भलतीच जड. लोवेल ट्रकपर्यंत गेला, पुन्हा आत आला आणि समोर बसून पुंगळ्या पुसू लागला. दारू त्यांनी मागच्या हिरवळीवर पसरून टाकली.

कारीने दुकानातली काडतुसं नेली. हरीण मिळालं. मांस घेऊन घरी आली तेव्हा तिने विचारलं, "बाबांची काडतुसं कुठे गेली गं?"

अर्लिसने सगळं सांगितलं, हीटरसकट. कारी ओट्याला टेकून हमसाहमशी रडली. अर्लिसने एका हाताने तिची पाठ थोपटली आणि दुसऱ्या हाताने तव्यातले तुकडे उलटले. एका बाजूने ते करपायला लागले होते.