वळणावर पळणारं तेल आणि गुळाची ढेप

माझ्या शब्दावर घरातल्या एकानंही विश्वास ठेवला नाही, म्हणून पुढचं सगळं रामायण झालं. हे आधीच ठणकावून सांगते. नंतर मलाच हसाल, म्हणून!

माझा धाकटा भाऊ दत्तू. लढाई संपली, तसा मिलिटरीतनं सुटून साताऱ्याला आमच्याकडं आला. येताना काय आणावं पठ्ठ्यानं? विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची शर्यतीची मोटार! लाल, बसकी, अगदी बेडकासारखी. पुढं दोन माणसं बसायची, आणि मागं झाकण उघडलं की आणखी दोघं कोंबता येतील एवढा खड्डा.

वळण आलं की शहाणी माणसं गाडी हळू करतात. दत्तू? आणखी दामटायचा!

एकदा मी शेजारी बसले असताना समोरच्या फळीवरचा एक काटा मला दिसला.

"दत्त्या, वळण आलं की ह्यो काटा मरतोय बघ."

"तेलाचा हाय त्यो, अक्का. म्हातारा झालाय."

"म्हातारा असता तर सरळ रस्त्यालाबी मेला असता की!"

मी चौथी शिकलेली, पण डोळे काय शाळेत ठेवून आले होते? गुऱ्हाळात उसाच्या रसानं भरलेल्या मोठ्या कढईला, काहिलीला, हिसडा द्या. रस एका कडेला चढतो आणि दुसरीकडचा तळ उघडा पडतो. इंजिनाच्या पोटात तेलाचं तसंच होत असणार. तेल पळालं एका अंगाला, मग बाकीचं इंजिन कोरडं जळणार नाही तर काय!

हे घरी सांगितलं, तर आमचे मालक एवढे हसले की चहा नाकातनं आला. "हौसे, तू आपली चूल बघ. मोटारीचं काय कळतंय तुला?"

दत्तू तेवढा हसला नाही. नुसता डोकं खाजवत बसला.

आता पुढं ऐका. दत्तूला कडेगावची एक मुलगी मनापासून आवडली होती. तिचे वडील, तात्या, ऊसवाले खमके शेतकरी. त्यांनी निरोप धाडला, "मिलिटरीतली पोरं उधळी असत्यात. मी मोटारीत बसून बघणार. वाटंत बंद पडली, तर तितनंच माघारी."

आणि दत्तूनं ठरवलं काय? तात्यांना यवतेश्वराच्या दर्शनाला न्यायचं. म्हणजे सगळा घाट, सगळी वळणं! इंजिन जळलं की पोरगी गेलीच म्हणायची.

मी रात्रभर तळमळले आणि पहाटे युक्ती सुचली. परातीतलं पाणी एका कडेला गेलं तर आपण काय करतो? दुसरी कडा खाली दाबतो. झालं तर मग! ज्या बाजूला वळण, त्या बाजूला वजन टाकायचं. मी घरातली अर्ध्या मणाची गुळाची ढेप उचलून मागच्या खड्ड्यात ठेवली.

पाहुणा पुढं बसतो, ही रीत मलाही ठाऊक आहे. पण मग काट्यावर नजर कुणी ठेवायची? मी पुढं बसले आणि तात्यांना ढेपेशेजारी कोंबलं.

"ही ढेप कशाला, बाई?"

"कळंल. मी सांगीन तशी सरकवायची."

घाट लागला. "तात्या, डावीकडं!"

"आँ?"

"ढेप! डावीकडं लोटा!"

दत्तू म्हणाला, "अक्का, अगं मी काय म्हणतो..."

"तू गप! रस्त्याकडं बघ! तात्या, आता उजवीकडं!"

तात्यांचा फेटा सुटून मागं झेंड्यासारखा फडफडत होता. माणूस कुस्ती खेळावी तसा ढेपेशी झटत होता. आणि काटा? तसूभर हलला नाही! मला असा चेव चढला म्हणता! "डावीकडं! उजवीकडं! आवं, जोर लावा की, न्याहारी केली न्हाई का?"

"अक्का, ऐक तरी..."

"गप म्हणते ना!"

शेवटच्या वळणावर तात्यांनी रेटा दिला आणि ढेप उलटी फिरून थेट त्यांच्या अंगठ्यावर बसली.

"आई गं! मेलो!"

"वरडू नका तात्या, काटा झक्कास हाय!"

वर पोचलो. तात्या देवळाच्या पायरीवर पाय धरून बसले. मी कंबरेवर हात ठेवून दत्तूला म्हणाले, "आता तरी पटलं का?"

"अक्का, मला त्याच दिवशी पटलं हुतं. कालच मी इंजिनाखालचा तेलाचा डबा खोलला आन् आत पत्र्याच्या आडभिंती ठोकल्या. तेल आता पळतच न्हाई."

"मग बोलला का न्हाईस, मुडद्या?"

"तू बोलू देतीस व्हय?"

तात्या कण्हता कण्हता हसायला लागले. "गड्या, असल्या बहिणीपुढं तू डोकं थंड ठेवलंस. माझी लेक लय तापट हाय. तिला असाच नवरा पायजे. दिली पोरगी!"

लग्नात पहिली हळद लागली ती तात्यांच्या अंगठ्याला. लंगडत लंगडत ते वऱ्हाडात फिरायचे आणि जो तो विचारायचा, "तात्या, मोटार उलटली का काय?"

तात्या शांतपणे सांगायचे, "मोटारीचा दोष न्हाई. पोराचा न्हाई. गुळाचाबी न्हाई. हौसाबाई."