महालक्ष्म्यांच्या आधीच्या गोळ्या
आंबिलीचा आंबूस वास आला की वलगावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. त्या वर्षी दुबार पेरणीही वाया गेली होती, तरी महालक्ष्म्या बसणारच होत्या. माझी पाळी दोन-दोन महिने यायची नाही, हे मी फक्त आईला सांगितलं होतं. सणाच्या आठवडाभर आधी तिनं गोळ्या आणल्या. "डाक्टरीनबाईनं देल्ल्या, यानं तुयी पाळी सुरळीत होते." रोज सकाळी ती स्वतः गोळी माझ्या तळहातावर ठेवायची. सोळा भाज्या मीच चिरल्या, आंबील मीच ढवळली. सण सरला, गोळ्या संपल्या आणि चौथ्या दिवशी अंगावरून इतकं गेलं की मला अमरावतीला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंपुढे मी विश्वासानं रिकामं पाकीट ठेवलं. "या तर पाळी लांबवायच्या गोळ्या आहेत. कोणी दिल्या?" मी आईकडे पाहिलं. ती पदर चाळवत म्हणाली, "सनात तू बाजूले बसली असती तं माह्या एकटीच्यानं झालं असतं काय?" माझी पाळी का चुकते, हे विचारायला ती कोणाकडेच गेली नव्हती. आता महालक्ष्म्या माझ्याकडे बसतात. पण डोकेदुखीची गोळीसुद्धा मी नाव वाचल्याशिवाय गिळत नाही, देणारा हात कितीही मायेचा असो.