दादाची पट्टी

आमच्याकडे ज्याला बेंजो म्हणतात, तो गिटारसारखा गळ्यात अडकवायचा नसतो. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे चावी पिळली की सा वर जातो, सैल केली की खाली येतो. पेटीवाल्याला, म्हणजे हार्मोनियम वाजवणाऱ्याला, ही मुभा नाही, त्याचे सूर आधीच ठरलेले. ही मुभा मी कशी वापरली ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

रोह्याजवळच्या आमच्या गावात दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन असायचं. मंडळाची पेटी खाऱ्या हवेने कधीच कुजली होती, त्यामुळे सूर द्यायचा तो माझ्या बेंजोने. ढोलकी त्यावर लागायची आणि गायचा माझा थोरला भाऊ, दादा. धाटावच्या एका कंपनीत तो कामाला होता. शनिवार चुकू नये म्हणून कोणाकोणाच्या हातापाया पडून शिफ्ट बदलून घ्यायचा. आवाज असा की काळी तीनच्या उंच पट्टीत गायचा, आणि तेही मान न ताणता.

गावाला देवापेक्षा पट्टीचा अभिमान जास्त. बुवाने पट्टी उतरवली, की त्याच्या हातात झांज द्यायची आणि मधल्या जागेवर दुसरा बसवायचा, ही आमची रीत. दादाच्या आधीच्या बुवाला असंच उठवलं होतं. तो मरेपर्यंत खांबाला टेकून झांज वाजवत राहिला, आणि आम्ही पोरं त्याला हसायचो. त्यात दादाही होता.

एका गणपतीनंतर दादाचा आवाज बसला. बसला तो उठेना. वरचा सा घ्यायला गेला की घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. काढे झाले, मध-आलं झालं. वहिनी मागे लागली, "एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवा. रडायची पाळी आणू नका माझ्यावर." शेवटी सोमवारी पनवेलला जायचं ठरलं. त्याच्या आधीच्या शनिवारी देवळाच्या पायरीवर दादा मला हळूच म्हणाला, "आज सा नाय लागला, तर झांज घेईन रे."

दादाला मी असा कधी पाहिला नव्हता. मला ते सोसलं नाही. आत जाऊन, कोणी यायच्या आधी, मी सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या. काळी तीनची पांढरी चार केली.

दादाचा सा लागला. पुरा लागला. ढोलकीवाला कुरकुरला, "ढोलकी चढलीय काय रे आज?" मी म्हटलं, "कोरडी हवा हाय, चामडं ताणलं असंल." भजन संपल्यावर दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ, घसा सुटला! काढा लागू पडला." सोमवारी तो पनवेलऐवजी कामावर गेला.

मग ते चालूच राहिलं. काही महिन्यांनी पांढरी तीन. तिथे बारीक तार सैल पडून बटणांवर खरखरायला लागली, म्हणून मी जाड तारा आणायला पेणला गेलो. तिथला म्हातारा दुकानदार तार चिमटीत धरूनच जाडी सांगायचा. जुनी तार त्याने बोटांत फिरवली आणि विचारलं, "बुवाची पट्टी उतरली वाटतं?"

मी खिशातून पैसे काढायला लागलो.

"जाड तार देतो. वाजंल छान. पण माणूस डॉक्टरला दाखवलात काय?"

मी पुडी खिशात घातली आणि रोह्याची गाडी पकडली. म्हाताऱ्याचा मला रागच आला. पेण मागे गेलं तरी मनात त्याच्याशी भांडत होतो. तुझं काम तार विकायचं, ती विक, असं काहीबाही. खरं तर भीती वाटत होती, आणि भीतीला माझ्या घरात रागाचंच तोंड असतं.

जाड तारेला बटण जोराने दाबावं लागतं. बोटांना घट्टे पडले. शेवटी काळी दोनवर आलो, दीड सूर खाली. ज्या माणसाला सूर कळतो त्याला हे कळायला हवं होतं, असं मी स्वतःला कित्येकदा सांगितलं. पण गाणारा कानात येतो त्याच सुरावर विश्वास ठेवतो, आणि दादाचा तर माझ्यावर विश्वास होता.

मानेला गाठ दिसायला लागली तेव्हा कोणी ठरवायची गरज उरली नाही. पनवेलच्या इस्पितळात मी बरोबर गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांतपणे विचारत होत्या. आवाज कधीपासून बसलाय?

दादा आता कुजबुजूनच बोलायचा. "तीन-चार महिने झालं असतील. त्याच्या आधी एकदा बसला होता. पण मधे वर्षभर एकदम सुटला. विचारा याला, हा बेंजो वाजवतो."

डॉक्टर बाई माझ्याकडे वळल्या. "मधलं वर्षभर आवाज अगदी नॉर्मल होता?"

गाठ हाताला लागत होती. मी काय सांगतो याने तिच्यात फरक पडणार नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही कळत होतं. दादा माझ्याकडे बघत होता. त्या वर्षाचा दुसरा साक्षीदार त्याच्याकडे नव्हता.

"व्हय," मी म्हटलं. "काळी तीनमध्ये गात होता."

दादा हसला. बाईंनी मान खाली घालून तसं लिहून घेतलं.