दामूचं पान

सकाळी साडेसातला दामूच्या घरून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी काहीतरी पुटपुटलो असेन. मग त्यांनीच, दुधाचं सांगावं तितक्या सवयीनं सांगितलं, "आज गुरुवार ना... येताना पेपर आणू नका आता." दीड वर्ष, दर सोमवारी आणि गुरुवारी, मी पेपर घेऊन वारज्याला त्यांच्या घरी जात होतो. त्या फोनाला आता दीड महिना झाला. दामूबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांनी बोलावं. मला त्या पेपरांबद्दल लिहायचं आहे, कारण ते कुणाला सांगितल्याशिवाय माझी सुटका होईल असं दिसत नाही.

दामू कोट शिवायचा. शनिवार पेठेत त्याचं दुकान, म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकानं फार वेळ बसू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं डगमगतं स्टूल. चार घरं पलीकडे एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो आणि दुपारचा डबा त्या स्टुलावर बसून खायचो. पस्तीस वर्षं. आमची मैत्री म्हणजे मुख्यतः भांडणच. त्याच्या पाटीवर 'सुट' असं ऱ्हस्व लिहिलेलं होतं. ते दीर्घ कर म्हणून मी जंग जंग पछाडलं. "दीर्घ केला की लोक सूट मागतील," तो शांतपणे म्हणायचा. "तुझ्या शुद्धलेखनानं बटण लागत नाही. जेव गुपचूप."

कोटाला कॉलरच्या खाली, छातीवर दोन्ही बाजूंना बाहेर उलटलेला जो भाग असतो, त्याला सगळे शिंपी इंग्रजीतलं लॅपेल म्हणतात. दामू म्हणायचा 'पान'. डावं पान, उजवं पान. दुसऱ्या कुणाच्याही तोंडून मी हा शब्द ऐकलेला नाही. तो त्याचाच, आणि तोही दुकानातला. घरी तो कामाचा चकार शब्द काढत नसे. एकदा मी म्हटलं, "अरे, सरळ दुमड म्हण की." तर माझ्या हातातलं मुद्रित ओढून त्यानं एक कागद हळूच उलटला. "हे बघ, उलटताना इथं बोटभर फुगवटा राहतो. इस्त्रीनं दाबून बसवलेली, ती दुमड. पान आतून वळतं." आतून म्हणजे आतल्या कॅनव्हासला घातलेल्या बारीक, बाहेरून न दिसणाऱ्या हातटाक्यांनी. एका पानाला त्याची अख्खी दुपार जायची.

पुढे आमच्या छापखान्यात एक शब्दकोश आला आणि त्यातल्या नोंदी नीट लावायचं काम माझ्याकडे. झालं, मी हवेत! 'पान' या शब्दाखाली झाडाचं, विड्याचं, पुस्तकाचं आणि जेवायला मांडलेलं, असे चार अर्थ होते. दामूनं ते वाचलं आणि म्हणाला, "पाचवा घाल." लहान मुलासारखा खूश होऊन म्हणाला होता. मी पोळीचा तुकडा मोडत म्हटलं, "एका शिंप्याच्या बोलण्याला कोशात जागा नसते, दामू." त्यानं दातानं दोरा तोडला. "मग कोश कुणाच्या बोलण्याचा असतो रे?" मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या डब्यातल्या भाजीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला.

मी निवृत्त होणार म्हटल्यावर त्यानं माझ्यासाठी कोट कापायला घेतला. "जन्मभर ढगळ शर्ट घातलेस, निरोपाला तरी माणसात ये." दोनदा ट्रायल झाली. दुसऱ्या ट्रायलला उजवं पान झकास वळलं होतं, डावं नुसतं कच्च्या धावदोऱ्यावर होतं. "शनिवारी ये, डावं वळवून ठेवतो." शुक्रवारी त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. निरोप समारंभ मी ढगळ शर्टातच उरकला, आणि कोटाचा विषय, खरं सांगतो, माझ्या डोक्यातून साफ गेला.

वारज्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौघांनी खुर्चीत बसवून त्याला वर नेला. त्यानंतर तो जिना त्यानं जिवंतपणी पुन्हा पाहिला नाही. खिडकीजवळ कॉट, समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. सगळे शब्द गेले होते, एक सोडून. पहिल्यांदा "पान" म्हणाला तेव्हा वहिनींना कोण आनंद! त्यांनी धावत जाऊन विड्याचं पान खलबत्त्यात कुटून दिलं. त्यानं थुंकून टाकलं. मग वाटलं, भूक लागली असेल. "अहो, पान मांडलंय, जरा धीर धरा," असं सांगून त्या अकरालाच जेवायला वाढू लागल्या. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असा एखादा शब्द उरतो कधीकधी, त्याला अर्थ असेलच असं नाही.

आणि मी, कोशवाला! मी ठरवलं, पुस्तकाचं पान. म्हणून पेपर. मी मोठ्यानं वाचायचो, तो मान हलवून "पान... पान!" म्हणायचा, की मी पान उलटायचो. तो आणखी जोरात म्हणायचा. मी पुढचं उलटायचो. एकदा तो ढसाढसा रडला आणि मी वहिनींना सांगितलं की बातमी मनाला लागली. बातमी महापालिकेची होती. महापालिकेच्या बातमीनं पुण्यात कुणाला रडू येतं काय हो? एकदा तर त्यानं डाव्या हातानं माझ्या शर्टाची पुढची पट्टी धरली आणि अंगठ्यानं ती बाहेर उलटवू लागला. "अरे, बटण तुटेल," असं म्हणून मी त्याची बोटं एकेक करून सोडवली.

तेराव्यानंतर वहिनींनी कपाटातून जुन्या चादरीत गुंडाळलेला कोट काढला. "तुमचा आहे. थोडं राहिलंय, एखाद्या शिंप्याकडून करून घ्या." मी तो हातात घेतला. उजवं पान वळलेलं. डावं सपाट, त्यावर पांढरा धावदोरा... मी ते अंगठ्यानं बाहेर उलटवत राहिलो. "भाऊजी, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

वहिनी, तुम्ही ही पुरवणी वाचता, म्हणून इथंच सांगतो. तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला तो शब्द माहीत नव्हता. साऱ्या पुण्यात तो एकाच माणसाला माहीत होता आणि तो दीड वर्ष कॉटशेजारी बसून पेपर वाचत होता. एका हातानं त्याला टाका घालता आला नसता, मान्य. पण कोट त्याच्या मांडीवर ठेवता आला असता. तो बोटानं दाखवत गेला असता, आणि मी घातले असते वेडेवाकडे टाके! त्यानं मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असत्या. इतकं तरी...

कोट मी कुठल्याही शिंप्याकडे दिलेला नाही. खोलीत खुंटीला आहे. रोज एकदा अंगात घालतो, आरशासमोर उभा राहतो आणि डावं पान हातानं उलटवतो. हात आहे तोवर ते राहतं. हात काढला की पुन्हा सपाट. म्हणून मी बराच वेळ हात काढत नाही. परवा दुपारी सून दारात आली आणि घाबरलीच. "बाबा, छातीला हात का लावलाय? दुखतंय का?"

मी मान हलवली. "पान," म्हटलं.

"हो, घेतलंय ना," ती म्हणाली. "या जेवायला."