चंद्रकोरवाली

दादा, मी कार्डिफला यायला निघाले त्या सकाळी आपल्या अंगणातून धामण गेली होती, आठवतं? बॅगा गाडीत चढल्या होत्या. आई म्हणाली, आज निघू नकोस. बाबा म्हणाले, "तिला आधी जाऊ दे, मग तू जा." ती कुंपणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत आपण सगळे पायरीवर उभे होतो. त्या गडबडीत निरोपाचं रडणं राहूनच गेलं. ते मग मी इथे येऊन हप्त्याहप्त्याने रडले.

आता माझ्याच बैठकीच्या खोलीत दोन साप आहेत. गार्टर स्नेक म्हणतात त्यांना. मूळचे अमेरिकेतले, अंगठ्याएवढ्या जाडीचे, पाठीवर तीन उभे पट्टे. चावले तरी माणसाला फारसं काही होत नाही. इराने दहाव्या वाढदिवसाला मागितले, मी नाही म्हटलं, आणि एक दिवस हॉस्पिटलमधून घरी येते तर समीर आणि इरा, बापलेक दोघं, काचेच्या पेटीखाली हीट मॅट लावत बसलेले. सहा महिन्यांत त्यांच्यासाठी ट्राउट माशाचे तुकडे डीफ्रॉस्ट करण्याचं काम माझ्याकडेच आलं. माझ्या नकाराला घरात किती किंमत आहे, हे तुला ठाऊकच आहे.

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदा माझ्याकडे आली, सहा महिन्यांसाठी. सापांचं तिला आधी सांगायचा मला धीर झाला नाही. चूक माझीच. तिने पेटी पाहिली आणि चपलाही न काढता म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं कर." पुढचे चार दिवस ती फक्त चहा-जेवणापुरती खाली येत होती. शेवटी मी इराला म्हटलं, साप तुझ्या मैत्रिणीकडे देऊन टाकू. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "ओके मम्मा" म्हणाली आणि पेटीची काच पुसायला लागली. लेकीचं मन मोडून आईला ठेवून घ्यायचं, की आईला परत पाठवायचं?

तेवढ्यात आई चहाला खाली आली. दारातूनच म्हणाली, "ही दोघं एका जातीची नव्हेत."

"आजी, दोन्ही सेम आहे. शॉपवाल्याने सांगितलं."

"मग हिच्याच गालामागे चंद्रकोर कशी? अंगावर चौकडाही आहे."

इराने पुस्तक उघडलं, समीरने भिंग आणलं, आणि बाजूचा पट्टा कितव्या खवल्यावर आहे ते आम्ही तिघं मोजत बसलो. आईचंच बरोबर होतं. एक चेकर्ड गार्टर, दुसरा कॉमन. साप मैत्रिणीकडे द्यायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. आईची खुर्ची रोज वीतभर पेटीकडे सरकू लागली. "चंद्रकोरवाली जेवली का?" असं ती इराला विचारायची. तिकिटाचं मात्र ती बोलत नव्हती, आणि मी भीतीने विचारत नव्हते.

मग नागपंचमी आली, नेमकी सापांच्या जेवणाच्या दिवशी. आपल्याकडे त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, आणि श्रावणात मासा घरात येत नाही. मी इराला म्हटलं, उद्या भरव, आणि ड्यूटीला गेले.

परत आले तर आई ओट्यापाशी. तुझ्यासाठी धरलेला उपास, पदर खोचलेला, आणि बोटांनी ट्राउट तोडत होती.

"आई, श्रावण आहे."

"मला कळतं. सुरी लावलेली नाही. सण त्यांचा आणि त्यांनीच उपाशी राहायचं?"

"आजी, अजून बारीक कर," इरा म्हणाली. "तिचा तोंड छोटा आहे."

दादा, मला टायफॉइड झाला होता तेव्हासुद्धा या बाईने श्रावणात अंडं घरात येऊ दिलं नव्हतं. मला रडू आलं. आईने माशाचे हात माझ्यापासून लांब धरले आणि म्हणाली, "तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे. इराला एकटीला हे जमायचं नाही."

थोड्या वेळाने तुझा फोन आला. आई कुठे आहे, असं तू विचारलंस. इतकी वर्षं मी तुझ्याशी बोलताना या जागेला 'इथे' म्हणत आले, आणि घर म्हणजे रत्नागिरीचं. त्या दिवशी मी म्हणाले, "घरीच आहे." तू म्हणालास, "बरं झालं."