गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्या

लढाईच्या दिवसांत आमचे हे पारनेरात गोटीसोडा भरायचे. नव्या बाटल्या मिळत नसत, जुन्याच घासूनपुसून वापरायच्या. बाटलीत पाणी भरताना वर थोडी जागा मोकळी सोडायची, हा धंद्याचा नेम. का, ते ह्यांनीच मला सायकलच्या पंपावर दाखवलेलं. पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबायला लावलं आणि दांडा रेटला. "जागा निम्मी झाली का हवा दुप्पट जोर करती, बघ!" माझा अंगठा टिकला नाही, आणि हे खदाखदा हसले.

एका बाजारी एका पैलवानानं बाटली उन्हात धरली. "वर मोकळंच हाय की! वारा इकतो का रं?" असं म्हणून भर बाजारात ह्यांच्या कानाखाली जाळ काढला. ह्यांनी त्याच्या कपाळात बाटली घातली. लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं.

घरी आले ते पेटलेलेच. एकेक बाटली गळ्यापर्यंत भरायला घेतली.

"अहो, जागा ठेवा! उन्हात पाणी फुगलं तर गॅसनं जायचं कुठं?"

"लई शानी झालीस! आता बघतो कोन वारा म्हनतंय ते."

बाटली फुटलीच तर काच लागू नये म्हणून स्वतःच्या तोंडाला बांधायची तारेची जाळी मी पुढं केली, ती भिरकावली. हात धरला तर असं ढकललं, की माझं डोकं उंबऱ्यावर आपटलं. मग मीही तोंड सोडलं. सगळं ठाऊक असून गाढवपणा करणाऱ्या माणसाला ओवाळायचं का?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हे पेट्या हातगाडीवर चढवत होते. चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. एक बाटली फुटली. तिच्या काचांनी शेजारची, मग तिच्या शेजारची. फटाफट, फटाफट! मी धावले तेव्हा हे तोंड झाकून उभे होते आणि बोटांमधून रक्त गळत होतं. गुरासारखे ओरडत होते.

नगरच्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. अगं आई, एक तरी डोळा राहू दे, एवढंच मी भवानीला मागत होते. त्या पैलवानाचा गळा घोटावासा वाटे, आणि ह्यांचाही.

डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. मी ह्यांच्या अगदी समोर, तोंडाशी तोंड आणून उभी होते. ह्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"ती आली न्हाई का अजून?" म्हणाले.

मी मेली एवढी भांडखोर, पण ह्यांचा हात धरून माझ्या गालाला लावला.