डोलिनाच्या घरची ओळ

शोनाग लग्न होऊन स्कॉटलंडमधल्या लुईस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या गावात आली, आणि आठवडा उलटायच्या आत शेजारच्या घरात कुणीतरी गेलं आहे अशी तिची खात्री पटली. सकाळची वेळ होती, वाराही नेहमीपेक्षा शांत होता आणि शेजारच्या स्वयंपाकघरातून स्तोत्र ऐकू येत होतं. आधी एका आवाजाने घाईघाईत दिलेली ओळ, मग तीच ओळ उचलून, लांबवून, वळणं देत देत किनाऱ्याला आणणारी मंडळी. कामाच्या दिवशी भल्या सकाळी घरात मंडळी जमते ती एकाच कारणाने. शोनाग चांगल्या वळणाची मुलगी होती. तिने काळा कोट चढवला, आदल्या दिवशी भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, फडक्यात बांधले, चेहऱ्यावर शोक आणला आणि शेजारचं दार हलकेच ढकललं.

आत एकच बाई होती. टेबलाशी ताठ बसलेली, समोर उघडं पुस्तक, बाजूला ताटलीने झाकलेली लापशी. तिने शोनागकडे पाहून एक बोट वर केलं, म्हणजे थांब. मग ओळ दिली. मग श्वास घेतला आणि स्वतःच मंडळी होऊन ती ओळ उचलली. अशी तिने उरलेली सगळी कडवी पार पाडली. शोनाग स्कोन हातात धरून उभीच होती.

"कोण गेलं?" पुस्तक मिटत बाईने विचारलं.

"मला वाटलं, तुमच्याकडे..."

"माझ्याकडे जायला मी एकटीच आहे, पोरी. आणि मी गेले असते तर ओळ कुणी दिली असती?"

स्कोन मात्र तिने ठेवून घेतले. अशी शोनागची डोलिनाशी ओळख झाली.

डोलिना तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होती. गावच्या शाळेत ती मुलांचं दुपारचं जेवण रांधायची. बटाटा पानात टाकणाऱ्या मुलाकडे ती काही न बोलता नुसती बघायची, आणि तो मुलगा पुढे ग्लासगोला जाऊन मोठा साहेब झाला तरी बटाटा टाकताना आधी दाराकडे बघायचा. तिचे आईवडील गेले होते आणि थोरला भाऊ तोर्मोद मालवाहू बोटींवर जगभर फिरत होता. तेव्हा सकाळ-संध्याकाळ ग्रंथ घेण्याची, म्हणजे बायबल उघडून घरच्या घरी उपासना करण्याची, रीत तिच्या एकटीच्या अंगावर आली होती. आधी स्तोत्र, मग अध्याय, मग खुर्चीवर कोपर टेकून, गुडघ्यावर बसून प्रार्थना. चर्चमध्ये काय की घरात काय, वाद्य कुठेच नाही. देवाला पेटीची गरज असती तर त्याने माणसाला गळा दिला नसता, असं त्या गावाचं मत होतं आणि आजही आहे. एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी ती उचलायची. डोलिनाकडे बाकीचे नव्हते. म्हणून तीच ओळ द्यायची, तीच उचलायची, आणि एखाद्या दिवशी मंडळीचा आवाज कमी पडला तर मंडळीवर नाराजही तीच व्हायची.

गावाला यात हसण्यासारखं बरंच दिसायचं. शोनागनेही पहिल्या वर्षी हसून घेतलं. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की सकाळच्या गाण्यानंतर कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर येणारी डोलिना आणि गाण्याच्या आधी चुलीसाठी पीटच्या, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीच्या, विटा आणायला बाहेर येणारी डोलिना या दोन वेगळ्या बायका होत्या. आधीच्या बाईचे खांदे वर चढलेले असायचे. नंतरच्या बाईला कुणीतरी आतून पाण्याने धुऊन, पिळून, वाऱ्यावर धरल्यासारखी कळा असायची. आईच्या शेवटच्या हिवाळ्यात डोलिनाने एकही सकाळ चुकवली नव्हती, असं गाव सांगायचं. त्या घरातलं काय काय त्या गाण्यावर उभं होतं, ते शोनागने कधी विचारलं नाही. असलं विचारायचं नसतं.

मात्र डोलिनाशी शेजार करणं म्हणजे रोज वार्षिक परीक्षेला बसण्यासारखं होतं. रविवारी कुणाच्या दोरीवर मोजा विसरला, शनिवारी कुणी बटाटे सोलून ठेवले नाहीत, पाद्री मॅकिव्हर यांचं प्रवचन चालू असताना कुणी पेपरमिंट कितव्यांदा तोंडात टाकली, हे सगळं तिला ठाऊक असायचं. ती कधी कुणाची निंदा करत नसे. ती फक्त, त्या माणसासाठी आपण प्रार्थना करतो आहोत, एवढं चारचौघांत सांगायची. तेवढ्यावर गाव त्या माणसाची चौकशी सुरू करायचं.

एकदा ही प्रार्थना शोनागच्या वाट्याला आली. शोनागचा नवरा फिनले हा सरळ माणूस. आपला आवाज कावळ्याचा आहे हे त्याला माहीत होतं आणि कावळ्याने देवासमोर पुढाकार घेऊ नये इतकी त्याला समज होती. म्हणून त्यांच्याकडे ओळ शोनाग द्यायची आणि फिनले मागून जमेल तसा यायचा. एका संध्याकाळी वाटीभर साखर मागायला आलेल्या डोलिनाने हे दारातून ऐकलं.

"घरात पुरुष असताना बाईने ओळ द्यायची?"

"आहे ना पुरुष," शोनाग म्हणाली. "तो बघा, पायमोजा शोधतोय."

डोलिना साखर न घेताच परत गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं, हवापाण्यापासून मेंढ्यांच्या लोकरीपर्यंत कुठलाही विषय निघाला, तरी डोलिना तो फिरवून फिरवून पुरुषाच्या जबाबदारीवर आणून सोडायची. घरात पुरुष आहे तर ओळ पुरुषाची. पुरुष नसेल तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे नव्हता, त्यामुळे नियम तिला छान मापात बसला होता.

आणि मग तोर्मोद घरी आला. बोटींवरून निवृत्त झालेला, पाय फेंगडे, बोलणं कमी, एक ट्रंक आणि चहात चार चमचे साखर घालण्याची सवय एवढं घेऊन. डोलिनाने त्याच्यासाठी हेरिंग मासे आणि बटाटे केले, वडिलांची खुर्ची पुढे ओढली, आणि जेवण झाल्यावर पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं. घरात आता पुरुष होता.

तोर्मोदने पुस्तकाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि दोन कडव्यांचं स्तोत्र दिलं. सगळ्या स्तोत्रांत आखूड तेच. प्रवासाचा शीण असेल, डोलिनाने मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तेच दिलं. संध्याकाळीही तेच, त्याच चालीत. सूर इतका वर धरायचा की डोलिनाला शिडी लावल्यासारखं चढावं लागायचं, आणि चढून पोचते तोवर स्तोत्र संपलेलं असायचं. अध्याय तो इंग्रजीत वाचायचा. देवाला इंग्रजी कळतं, असं तो म्हणाला. कळत असेल, पण ज्या स्वयंपाकघरात शंभर वर्षं बेटाच्या गेलिक भाषेखेरीज प्रार्थना झाली नव्हती, तिथल्या चुलीला ते कळलं असेल असं डोलिनाला वाटलं नाही.

पंधरवडाभर हेच चाललं, मग महिनाभर. शोनागला सकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. पूर्वी डोलिनाच्या तिसऱ्या कडव्याला ती केटल चढवायची. आता केटल चढायच्या आत शेजारी शांतता व्हायची. डोलिना बाहेर यायची ती चढलेल्या खांद्यांनीच. शाळेतून तीही आता निवृत्त झाली होती, त्यामुळे बटाट्यांवरून बघायला मुलंही उरली नव्हती.

शेवटी एकदा चहा पिताना तिने शोनागला सगळं सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे; भावाच्या आत्म्याची काळजी म्हणून. माणूस दिवसातून दोनदा त्याच दोन कडव्यांवर जगायला लागला तर तो वाळतो, असं ती म्हणाली. तो म्हणजे कोण, हे तिने सांगितलं नाही. शोनागने बशी खाली ठेवली आणि सुचवलं की मग ओळ तुम्हीच द्या.

"तो घरात असताना?"

"मी देतेच की फिनलेच्या घरात. अजून आमच्यावर वीज पडलेली नाही."

"अजून," डोलिना म्हणाली.

पाद्रीसाहेबांकडेही ती जाऊन आली. मॅकिव्हर यांनी शांतपणे सगळं ऐकलं, आणि स्तोत्राच्या लांबीवरून श्रद्धा मोजू नये असं सांगितलं. ते स्वतः प्रवचनाच्या बाबतीत हे कधी पाळत नसत. डोलिनाने आभार मानले आणि घरी येऊन त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

त्यानंतर शोनागला दुपारी कोंबड्यांच्या खुराड्यातून स्तोत्र ऐकू येऊ लागलं. ती बघायला गेली. डोलिना उलट्या बादलीवर बसून, डोळे मिटून ओळ देत होती आणि उचलत होती, आणि कोंबड्या चर्चमधल्या मागच्या बाकांइतपतच लक्ष देत होत्या. हा सामुदायिक ग्रंथ नव्हे, खाजगी भक्ती आहे, असं डोलिनाने स्पष्ट केलं. खाजगीत बाई वाटेल ते गाऊ शकते. इथे घरचा पुरुष नाही.

"कोंबडा आहे ना," शोनाग म्हणाली. "त्याला विचारलंत का?"

डोलिना हसली नाही. तिने तोंड फिरवलं, आणि तिचे डोळे ओले आहेत हे शोनागला दिसलं. शोनागला आपली जीभ चावावीशी वाटली. घरात जागा होती, चूल होती, वडिलांची खुर्ची होती, आणि ही बाई पिसांच्या धुळीत बसून गात होती.

परतताना तिला भिंतीच्या आडोशाला तोर्मोद दिसला. तो पीटच्या विटा रचत होता; म्हणजे त्याच विटा काढून पुन्हा रचत होता. खुराड्यातला आवाज तिथे स्वच्छ येत होता.

"आमचे वडील असेच द्यायचे ओळ," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

मग तुम्ही तिला घरात का गाऊ देत नाही, असं शोनागने सरळ विचारलं. त्याने एक वीट उचलून हातात फिरवली.

"मला गेलिक वाचता येत नाही. शाळेत मास्तरांनी इंग्रजी शिकवलं. आपलं वाचायला रविवारच्या वर्गात शिकवायचे, तेव्हा मी धक्क्यावर बोटी बघत असायचो. चर्चमध्ये निभतं, ओळ कानावर आली की मी उचलतो. पण द्यायला? तेवढं एकच पाठ आहे. पीट कापायला जायची घाई असली की वडील तेच घ्यायचे." त्याने वीट जागेवर ठेवली. "तिला सांगू नकोस. आधीच तिला वाटतं मी अर्धा परधर्मी होऊन आलोय." नाही सांगणार, असं शोनाग म्हणाली.

आता शोनाग पेचात पडली. सांगायचं नाही असा शब्द दिला होता, आणि शब्द मोडणं पाप. सांगितलं नाही तर डोलिना हिवाळाभर खुराड्यात बसणार, आणि तिथे ती खोकून मेली तर तेही कुणाच्या तरी खात्यावर जाणारच. दोन पापांमधून वाट काढायला शोनागने तिसरं शोधलं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिने सहज म्हणून एक आठवण काढली. तिच्या माहेरच्या गावी म्हणे एक जुनी रीत होती. घरच्या पुरुषाची नजर अधू झाली की घरची बाई शेजारी बसून ओळ त्याच्या कानात पुटपुटायची. तो ती मोठ्याने द्यायचा आणि घर उचलायचं. ओळ पुरुषाचीच. बाई फक्त चष्म्याच्या जागी. वडीलधाऱ्यांनी कधी आक्षेप घेतला नव्हता. समुद्रावर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची नजर तर खारट वाऱ्याने जातेच, असंही तिने जोडलं.

डोलिनाने चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. हात पुसले.

"तुझ्या गावी असली रीत कधी नव्हती," ती म्हणाली. "माझी मावशी तिथे दिली होती. मी उन्हाळेच्या उन्हाळे तिथे काढलेत."

शोनागने आपला रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

"मी त्याच्यासमोर मोठं स्तोत्र उघडून ठेवलं होतं, खूण घालून. पानावर डोळे लावून त्याने ते दोन कडव्यांचंच म्हटलं. तेव्हाच कळलं मला." डोलिनाने फडकं खिळ्याला अडकवलं. "कळून काय करणार होते? तुला वाचता येत नाही, असं थोरल्या भावाला तोंडावर म्हणू? त्याच्याच घरात?"

"मग आता?"

"आता काय. नजर अधू झाली आहे त्याची. तूच म्हणालीस." दाराशी शोनागचा कोट तिच्या हातात देताना ती थांबली. "फिनलेलाही डोळ्यांचा त्रास आहे, असं तेव्हाच सांगायचं होतंस. इतकी वर्षं माझ्या प्रार्थना वाया गेल्या."

त्या संध्याकाळी तोर्मोदला समजलं की आपली नजर गेली आहे. त्याला काही दिवस ते नीट पटलं नाही. धक्क्यावर उभा राहून तो क्षितिजावरच्या बोटीचं नाव वाचायचा. पण बहिणीने शेजारी बसून कानात पहिली ओळ पुटपुटल्यावर त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, खाली पाहिलं, आणि ती ओळ मोठ्याने दिली. सूर पुन्हा वरच धरला होता. दुसऱ्या ओळीला डोलिनाने तो पुटपुटतानाच दोन पायऱ्या खाली आणला. पुटपुटणं म्हणजे तिचं पुटपुटणं. ते शेजारी शोनागच्या स्वयंपाकघरातही ऐकू आलं. नियमाला मात्र कुठे धक्का लागला नाही. अध्यायही नजरेच्या कारणाने तिच्याकडे परत आला, गेलिकमध्ये. तेरा कडवी झाली तेव्हा शोनागच्या केटलमधलं पाणी आटत आलं होतं.

गावाने याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. चष्मेवाला दर वर्षी बेटावर येतो तेव्हा तोर्मोदला त्याच्याकडे का नेत नाही, असं कुणीतरी डोलिनाला विचारलं. तिने त्या माणसासाठी प्रार्थना करते असं सांगितलं, आणि प्रश्न तिथेच मिटला.

खुराड्यातली बादली पुन्हा दाण्यांसाठी वापरात आली. हल्ली संध्याकाळी शोनाग आणि फिनले ग्रंथासाठी डोलिनाकडेच जातात. डोलिना वडिलांच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसते, तोर्मोद ओळ देतो, आणि फिनले मागून जमेल तसा येतो.